सोळा आण्यांतला आपला पणजोबा

आत्याच्या तेरवीला पंगतीतच दोन काकांचं जुंपलं. मोठे काका म्हणत होते, आपण मूळचे उमरेडकडचे. लहान काका म्हणत होते, छे, पवनीकडचे. उमरेडला आपण मागाहून आलो. दोघंही सत्तरीच्या पुढचे, दोघांचाही आवाज चढलेला आणि पुरावा कोणाकडेच नाही. पंगत उठली, वाद राहिला. रात्री नागपुरात नंदनवनला घरी परतल्यावर मी स्टीलच्या कपाटातली कागदांची पिशवी काढून बसलो. त्या पिशवीपासून तहसिलीच्या अभिलेख कक्षापर्यंत पोचायला मला दीड वर्ष लागलं. त्यातलं एक वर्ष निव्वळ चुकीच्या ठिकाणी शोधण्यात गेलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हा लेख.

घराण्याचा इतिहास म्हटलं की आपल्याला कुलवृत्तान्त आठवतात, तीर्थक्षेत्रीच्या पंड्यांच्या वह्या आठवतात. ज्यांचे कुलवृत्तान्त छापून आले त्यांचं ठीक आहे. बाकीच्यांसाठी जमिनीचे कागद आहेत. स्कॉटलंडमध्ये जमिनीच्या हस्तांतरणाची ‘रजिस्टर ऑफ सेसिन्स’ ही नोंदवही १६१७ पासून आहे आणि तिथले लोक आपले पूर्वज तिच्यात हुडकतात. आपल्याकडे दस्त नोंदवण्याचा कायदा झाला १८६४ साली, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षं उशिरा. पण पाच-सहा पिढ्यांपुरता तो पुरेसा आहे. जमिनीचा कागद खोटं बोलतो, त्याबद्दल पुढे सांगतोच. पण घराण्याची थोरवी गायला तो लिहिलेला नसतो, हा त्याचा गुण मोठा.

आधी घरातली पिशवी

नागपुरात प्लॉट घेतलेल्या घरात ही पिशवी असतेच. रजिस्ट्री, सुधार प्रन्यासची डिमांड नोट, ले-आउट नियमित झाल्याचं पत्र, ज्याला अख्खं नागपूर ‘आर.एल.’ म्हणतं, घरटॅक्सच्या पावत्या. यातली रजिस्ट्री पहिल्यांदा नीट वाचा. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवा: ती तुमच्या पूर्वजांबद्दल काही सांगणार नाही. ज्याच्या शेतावर तुमचं घर उभं आहे त्याच्या पूर्वजांबद्दल ती सांगेल. नंदनवन, वाठोडा, खरबी, दिघोरी या बाजूला आज ले-आउटला ले-आउट लागलेत, पण प्रत्येक रजिस्ट्रीत मौजा, पटवारी हलका नंबर आणि खसरा नंबर लिहिलेला असतो, कारण कागदोपत्री आपण अजून शेतातच राहतो.

मग ती वाचायची कशाला? सरावासाठी. घरकर्ज काढलं असेल तर बँकेच्या वकिलाने तयार केलेला सर्च रिपोर्टही त्याच पिशवीत असेल. हे शेत मूळ अमक्याचं, त्याच्या मृत्यूनंतर तीन मुलं आणि विधवा वारस, मग वाटणी, मग गृहनिर्माण संस्थेला विक्री, मग तुम्ही, अशी मालकीची साखळी त्यात ओळीने दिलेली असते. साखळी कशी बांधतात ते या परक्या घराण्यावर शिकून घ्या. आपल्या घराण्यावर शिकायला गेलं की प्रत्येक नावापाशी डोळे पाणावतात आणि खसरा नंबर वाचायचा राहून जातो.

दुसरी वस्तू याहून मोलाची: जात पडताळणीची फाईल. घरात कोणी इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला गेलं असेल, नोकरीला लागलं असेल, तर ती असणारच. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून त्या फाईलसाठी घरातल्या कुणीतरी एकदा जिवाचं रान करून पणजोबांपर्यंतचे कागद गोळा केलेले असतात. शपथपत्रावरची वंशावळ, आजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल. ही फाईल चुलतभावाकडे, मावसभावाकडेही असेल. कचेरीची पायरी चढण्याआधी नात्यातल्या सगळ्या फाईली मागून घ्या. मी हे केलं नाही. तहसिलीत सहा चकरा मारून मिळवलेली कोतवाल बुकाची नक्कल चुलतबहिणीच्या घरी टीव्हीखालच्या खणात आधीपासून होती.

कोतवाल बुक म्हणजे गावच्या कोतवालाने ठेवलेली जन्ममृत्यूची नोंद. वर्‍हाड-नागपूरकडच्या लोकांना हा शब्द सांगावा लागत नाही, पण वाचायची रीत सांगावी लागते. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतंच बहुधा. ‘अमुक वल्द तमुक यास मुलगा’ एवढंच असतं. बारशाआधी नोंद झाली तर नाव येणार कुठून? म्हणून आजोबांच्या नावाने शोधू नका, त्यांच्या वडिलांच्या नावाने शोधा.

कोणत्या राज्यात, कोणत्या तहसिलीत

माझं वाया गेलेलं वर्ष इथे गेलं. ‘जुना सातबारा काढा’ असं मला पुण्याच्या एका मित्राने सांगितलं होतं आणि मी १९३० चा सातबारा मागत हिंडत होतो. नागपूरकडे तो मिळणार कसा? आपण तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतोच.

रघुजी भोसले तिसरे ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं आणि १८६१ साली मध्य प्रांत झाला. नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा या जिल्ह्यांत इंग्रजांनी मालगुजारी पद्धत बसवली: गावाचा सारा मालगुजाराने गोळा करून भरायचा आणि गावाचा मालक म्हणून त्याचं नाव लागायचं. शेजारच्या वर्‍हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळकडे, पद्धत रयतवारी. १८५३ साली निजामाकडून तो मुलुख इंग्रजांकडे आला आणि तिथे प्रत्येक शेताचा सर्व्हे नंबर पडून सारा थेट शेतकर्‍याकडून घेतला जाई. तेव्हा आजोळ अमरावतीकडचं असेल तर तिकडे मालगुजाराची खेवट शोधू नका, आणि काटोलकडचं असेल तर सर्व्हे नंबर मागू नका, खसरा मागा.

नागपूरकडच्या गावासाठी मागायचे ते हे. १८६० च्या दशकातला जमीनसार्‍याचा पहिला तीस वर्षांचा बंदोबस्त, मग १८९० च्या दशकातला, मग १९१० च्या दशकातला: या प्रत्येकाची त्या गावाची मिसल, म्हणजे बंदोबस्ताची फाईल, तिच्यातली खेवट, जमाबंदी, खसरा आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटींची नोंद. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली, तेव्हाची मोबदल्याची प्रकरणं. त्यानंतरचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. नागपुरातले वकील अजूनही सगळ्यात आधी हाच मागतात. त्यात ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ असे शब्द दिसतील, ते १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेचे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो, आणि १९६६ ची महाराष्ट्र महसूल संहिता आल्यावर सातबारा आपल्याकडे रुळला. शहरातल्या जागेला सातबारा नाही, आखीव पत्रिका. ती नगर भूमापन कार्यालयात मिळते. महाल, इतवारीतल्या जुन्या घराला नझूलची, म्हणजे पट्ट्याने दिलेल्या सरकारी जागेची, फाईलही असू शकते, आणि नझूलच्या फाईलीत पट्ट्याच्या प्रत्येक नूतनीकरणाला वारसांचे अर्ज लागलेले असतात.

तहसिलीचंही तेच. आज नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. १९०८ च्या गॅझेटिअरमध्ये चारच तहसिली होत्या: नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल. कुही किंवा भिवापूरच्या कचेरीत ‘रेकॉर्ड नाही’ असं उत्तर मिळालं तर त्याचा अर्थ ‘इथे नाही’ एवढाच घ्या. सौंसर, पांढुर्णाकडच्या मराठी घराण्यांची गोष्ट आणखी निराळी. ती गावं १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्याच राज्यात होती, पण त्यांचे महसुली कागद छिंदवाड्याच्या बाजूला राहिले. गोंदियाचं १ मे १९९९ आधीचं भंडार्‍यात आणि गडचिरोलीचं १९८२ आधीचं चंद्रपुरात विचारावं लागतं.

आणे आणि पाई

आता ज्या कागदावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला त्याबद्दल. खेवट म्हणजे गावाच्या मालकांची आणि त्यांच्या हिश्श्यांची यादी. पूर्ण गाव सोळा आण्यांचं धरायचं, एका आण्याच्या बारा पाई, म्हणजे अख्खं गाव १९२ पाईंचं. वरवर पाहता नुसती नावं आणि आकडे. पण हिंदू कायद्याप्रमाणे भावांचे हिस्से समान, त्यामुळे आकडा उलटा वाचला की त्यातून घराणं दिसू लागतं.

समजा एका नावापुढे २ आणे ८ पाई आहे. म्हणजे ३२ पाई, म्हणजे गावाचा सहावा हिस्सा. सहा भाऊ होते का? असतीलही. पण यादीत आणखी दोघांकडे २ आणे ८ पाई आणि एकाकडे ८ आणे असतील, तर मूळ मालकाला दोन मुलं होती. एकाचा निम्मा हिस्सा अजून शाबूत आहे आणि दुसरा वारून त्याच्या तीन मुलांत त्याचा निम्मा हिस्सा वाटला गेला आहे. तेच जर दोघांकडे २ आणे ८ पाई आणि दोघांकडे ५ आणे ४ पाई असेल, तर मूळ मालकाला मुलं तीन, त्यातला एक वारला आणि त्याला दोन मुलं. नाव एकही जास्तीचं कळलेलं नसताना दोन पिढ्यांचा सांगाडा कागदावर उभा राहिला. मग तीस वर्षांनंतरच्या बंदोबस्ताची खेवट शेजारी ठेवायची आणि कोणाचा आकडा कसा फुटला ते बघायचं.

यात फसगत एकच, पण मोठी. हिस्सा विकतही घेता येई. गावात चार आण्यांचा हिस्सेदार म्हणून बसलेला गृहस्थ आपला काका असेल किंवा नागपूरचा सावकार. म्हणून शेरा किंवा कैफियतीचा रकाना वाचल्याशिवाय कोणालाही वंशवृक्षावर चढवू नका. आमच्या नात्यातल्या एका हौशी माणसाने एका सावकाराला सख्खा चुलत पणजोबा करून त्याचा फोटोही मिळवला होता.

मालगुजार नव्हतो, मग खेवटीचं काय करू, असं बहुतेक वाचक म्हणतील. बरोबर आहे, आम्हीही नव्हतो. कास्तकारांची नावं जमाबंदीत आणि खसर्‍यात असतात: मालिक मकबूजा, मौरूसी, साधा कास्तकार, अशी हक्कांची प्रतवारी, शेताची आराजी आणि लगान. मौरूसी हक्क वारसाने चालत असे, त्यामुळे एकच खसरा नंबर दोन बंदोबस्तांमध्ये पकडून ठेवला तर आधी आजा, मग नातू असे त्यावर सापडतात. आडनाव शोधत बसू नका. जुन्या नोंदीत ‘गणपत वल्द सीताराम कुणबी, साकीन मौजा अमुक’ असं असतं. आडनाव नसतं, जात असते. वल्द म्हणजे त्याचा मुलगा, जौजे म्हणजे त्याची बायको, बेवा म्हणजे त्याची विधवा. फेरफारात ‘अ.पा.क. आई’ दिसलं तर वारस अज्ञान होता आणि आई त्याची पालनकर्ती होती, म्हणजे बाप तरुण वयात गेला. पाच अक्षरांत केवढी गोष्ट आहे बघा.

दुय्यम निबंधकाकडे

महसुली नोंद सांगते, जमीन कोणाकडे होती. ती कशी आली आणि कशी गेली ते दस्त सांगतो. १९०८ चा नोंदणी कायदा आजही चालू आहे आणि त्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे पुस्तकं असतात. पुस्तक १ मध्ये स्थावराचे दस्त: खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र. हे पुस्तक आणि त्याच्या सूच्या फी भरून कोणीही बघू शकतो, नक्कलही कोणालाही मिळते. पुस्तक ३ मृत्युपत्रांचं आणि दत्तक घेण्याच्या अधिकारपत्रांचं. लिहून देणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, तो वारल्यावर कोणालाही. पुस्तक ४ मध्ये किरकोळ दस्त, त्यांची नक्कल फक्त संबंधितांना. खिडकीवरचा माणूस ‘तुमचा संबंध काय’ असं पुस्तक १ साठी विचारू लागला तर शांतपणे कलम ५७ म्हणा. मी एकदा आवाज चढवून म्हटलं होतं, त्याचा उपयोग झाला नाही.

सूची १ माणसांच्या नावांची, सूची २ मिळकतींची. पूर्वजाचं गाव माहीत असेल तर सूची २ घ्या, कारण नावं हजार तर्‍हांनी लिहिलेली असतात आणि गाव एकाच तर्‍हेने. शोधाची फी वर्षांच्या हिशेबाने लागते, तेव्हा फेरफारावरून आधी साल अंदाजून मग अर्ज करा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचा ई-शोध नागपूरकरांना साधारण २००२ नंतरच्या दस्तांपुरता कामाचा. त्यामागचं सगळं कागदावर. आणि शंभर रुपयांच्या आतली मिळकत नोंदवणं कायद्याने सक्तीचं नव्हतं. १९२० साली शंभर रुपयांत बरीच जमीन येई. दस्त सापडला नाही म्हणजे व्यवहार झालाच नाही असं नव्हे.

दस्त हातात आला की माणसं ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ वाचतात, किंमत बघून हसतात आणि ठेवून देतात. थांबा. कारण वाचा. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला वडिलार्जित जमीन विकायची तर कायदेशीर गरज दाखवावी लागे, नाहीतर उद्या मुलगा वयात येऊन विक्री मोडू शकेल. त्यामुळे घेणार्‍याचा वकील दस्तात कारण लिहवून घेईच: थोरल्या मुलीच्या लग्नासाठी, वडिलांनी काढलेल्या कर्जासाठी, सरकारी बाकी भरण्यासाठी, आईच्या आजारपणासाठी. घरात कुणीही लिहून न ठेवलेलं लग्न असं कोणाच्या तरी खरेदीखतात तारखेसकट सापडतं. कारणं ठोकळेबाज असत हे खरं. अर्जनवीसाच्या जिभेवर ती पाठ असत. पण मुलीचं नाव तो मनाचं घालत नसे.

मग चतुःसीमा वाचा. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस तमक्याचा धुरा. शेजारी बहुधा भाऊबंद असतात, कारण एकच शेत वाटणीत फाटून शेजारी-शेजारी पडतं. ज्यांच्याकडे स्वतःची जमीनच नव्हती अशा घराण्यांना तर शोधायचं असतं याच कडांवर: दुसर्‍याच्या दस्तात साक्षीदार म्हणून, निबंधकासमोर ओळख पटवणारा म्हणून, ‘उत्तरेस अमक्याचं घर’ म्हणून. विणकर, मजूर, बलुतेदार यांची नावं मला मालकांपेक्षा साक्षीदारांच्या रकान्यात जास्त सापडली. कागदाची पाठही बघा. स्टॅम्प विकणार्‍याची तारीख आणि कागद विकत घेणार्‍याचं नाव मागच्या बाजूला असतं, आणि तो माणूस पुष्कळदा तिसराच असतो: जावई, मेहुणा, गावचा शिकलेला पोरगा.

भूसंपादन झालेल्या गावांना एक जादा वाट आहे. गोसीखुर्द धरणाखाली कुही, भिवापूर, पवनीकडची शेतं आणि घरं गेली. त्यांच्या निवाड्यांत प्रत्येक हिस्सेदाराचं नाव, विहीर, आंब्याची झाडंसुद्धा मोजलेली आहेत. गाव बुडालं, पण त्याची यादी भूसंपादन शाखेत आहे.

खोटं कुठे बोलतात

सीलिंगच्या काळातले कागद जपून वाचा. १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा आणि १९७५ ची त्याची कडक दुरुस्ती यांमुळे जमीनवाल्यांना कुटुंबातल्या माणसांसकट विवरणपत्रं भरावी लागली. घराण्याच्या अभ्यासकाला ही पर्वणीच, कारण बायका-मुलांची नावं आणि वयं एका जागी मिळतात. पण याच काळात कागदोपत्री वाटण्या झाल्या, नांदत्या घरात चार चुली दाखवल्या गेल्या आणि सोळा वर्षांची पोरं एका रात्रीत एकोणीसची झाली. सीलिंगच्या प्रकरणातलं वय शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. एरवीच्या दस्तांतलं वयही अंदाजेच. ‘वय ४०’ म्हणजे तिशी उलटलेला आणि पन्नाशी न गाठलेला माणूस.

सनांचं गणित चुकलं की बाप मुलाहून धाकटा होतो. शकात ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ७९. चैत्री विक्रम संवतातून ५७ वजा, जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ५६. भोसलेकालीन कागदात सुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. फसली सनाची बेरीज दक्षिणेकडे ५९०-९१ आणि उत्तरेकडे ५९२-९३. आपला मुलुख दोहोंच्या मधला, म्हणून फसली दिसला की त्याच कागदावर इंग्रजी तारखेचा शिक्का शोधा. तारीख पुसली असेल तर स्टॅम्पवरचा राजा बघा: सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, मग सहावा जॉर्ज.

मोडी लागेलच. कोणाकडून वाचून घेता येतं, पण स्वतःला निदान नावं, आकडे आणि ‘वल्द’ ओळखता आलं पाहिजे. तेवढं महिन्याभरात जमतं. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात आणि त्यांचं नागपूरला पुराभिलेखागारही आहे. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचकांना मागणी आली. त्या राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असो, वर्षानुवर्षं न सोडलेले गठ्ठे त्यानिमित्ताने सुटले हे आपल्यासारख्यांच्या पथ्यावर पडलं. कचेरीत जाताना कोर्ट फीचं तिकीट, कोरे कागद, भिंग, पाण्याची बाटली न्या आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पोचू नका. जुना कागद थुंकी लावून उलटू नका, त्यावर पेनाने खूण करू नका, घरचा दस्त लॅमिनेट तर मुळीच करू नका.

बहिणी

वंशावळीत पुरुष ओळीने उभे असतात आणि बायका नसतात. वारस फेरफारातही १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुली सहसा दिसत नाहीत, विधवा दिसली तर दिसते. १९५६ नंतर मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा मिळाला आणि लगोलग हक्कसोडपत्रांचा पाऊस सुरू झाला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केलं, तरी तो पाऊस थांबला नाही. न्यायाच्या बाजूने पाहिलं तर हा कागद बघवत नाही. पण शोधणार्‍याला त्याच्याइतका उपकारी कागद दुसरा नाही, कारण बहिणीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, नवर्‍याचं नाव, गाव, वय, सगळं त्यात असतं. शिवाय ती ज्याच्यावरचा हक्क सोडते ती मिळकत घराण्यात कुठून आली याची हकीकतही सुरुवातीला लिहिलेली असते. म्हणून सूची १ मध्ये शोधताना आजोबांना शेवटी ठेवा. आधी आत्यांना शोधा.

आमचा निकालही तिथेच लागला. १९७१ साली उमरेडला नोंदवलेलं हक्कसोडपत्र; लिहून देणार आमची आत्या, लिहून घेणार तिचे दोन भाऊ. तिसर्‍या परिच्छेदात अर्जनवीसाच्या अक्षरात लिहिलं होतं की सदर शेत पक्षकारांच्या आजोबांनी पवनीहून या मौजात राहावयास आल्यावर गहाणमुक्त करून घेतलं. मोबदला: काही नाही, बंधुप्रेमाने. खाली आत्याची सही, चौथी पास झालेल्या मुलीची, एकेक अक्षर सुटं.

मी नक्कल घेऊन मोठ्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद तीनदा वाचला, पवनीवर बोट ठेवलं, मग ते घसरवत खाली सहीपर्यंत आणलं.

‘‘ही सही माझीच आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण हे मी तेव्हा वाचलं नव्हतं.’’

लहान काका जिंकल्याच्या आनंदात होते. त्यांचीही सही तिथेच होती. पुढच्या आठवड्यात मी भंडार्‍याला जातो आहे, पवनीच्या मिसली बघायला; गहाण कोणाकडे होतं ते अजून कळायचं आहे.